आजारपणाआधीचे कागद

भिवंडीत मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर पुढचा प्रवास बहुतेक ठरलेला असतो. आधी गल्लीतला दवाखाना, मग आयजीएम म्हणून ओळखले जाणारे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, तिथे जमले नाही तर कळवा, आणि तिथेही जमले नाही तर मुंबईतले सायन किंवा केईएम. या वाटेवर कुठे थांबायचे, हे घरातले लोक खिसा चाचपून ठरवतात. शेठकडून उचल मिळेल का, मेहुण्याकडे काही निघतील का, बायकोचे दागिने कुठे ठेवता येतील, असे हिशेब रिक्षात बसल्या बसल्या सुरू होतात. ज्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, तेही हाच हिशेब करत असते. हा हक्क कोणत्या कागदावर आणि कोणत्या दारात मिळतो, हे त्याला कुणी वेळेत सांगितलेले नसते.

योजनाच नाहीत, ही तक्रार आता करता येत नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. पूर्वी राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि त्यात मुख्यतः पिवळी आणि केशरी कार्डे बसत. १ जुलै २०२४ पासून हे संरक्षण पाच लाखांचे झाले, उपचारांची यादी १,३५६ वर गेली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही आत आली. आज महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेले कोणतेही कुटुंब, उत्पन्न कितीही असो, या योजनेत बसते. तरीही ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. नियम बदलला, पण त्याची बातमी घरोघर पोहोचली नाही.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्याच्यापुढे शिधापत्रिका आणि आधार ठेवले की तो रुग्णाची नोंद करतो, डॉक्टर तपासून उपचार ठरवतात आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते. मंजुरी आली की खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे आणि रुग्णाचे जेवण यांचा खर्च योजनेतून होतो. रुग्णाकडून वर एक रुपयाही घ्यायचा नसतो. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात. ही तरतूद प्रत्येकाने पाठच करून ठेवावी, कारण रात्री दाखल झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘सकाळी आरोग्यमित्र येईल, तोवर अनामत भरा’ असे सांगितले जाते आणि घाबरलेली माणसे भरतात.

‘हे योजनेत बसत नाही’ असे उत्तर मिळाले तर ते लिहून मागावे आणि तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करावा. या उत्तरामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. रुग्णालयच योजनेत नसेल, रुग्णालय योजनेत असेल पण त्या शाखेसाठी नसेल, किंवा तो उपचार यादीत नसेल. पहिल्या दोन कारणांवर दुसरे रुग्णालय हाच उपाय असतो, आणि ते कोणते, हे फोनवर कळू शकते. सरसकट ‘बसत नाही’ ऐकून परतलेल्या माणसाला मात्र आपला आजारच योजनेबाहेर आहे असे वाटते आणि तो कर्ज काढतो.

कागदांच्या बाबतीत भिवंडीच्या अडचणी भिवंडीच्याच आहेत. एकाच माणसाचे नाव आधारवर ‘मोहम्मद’ असते, शिधापत्रिकेवर ‘मो.’ असते आणि तिसऱ्या कागदावर तेही नसते. पद्मानगरातल्या तेलुगू पद्मशाली घरांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत. ते एका कागदावर पुढे, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर नुसते आद्याक्षर होऊन बसलेले. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले नसते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते. जन्म सूत हाताळण्यात गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. अशा वेळी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, पण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेला असतो. यातली एकही गोष्ट मोठी नाही. शिधावाटप कार्यालयात आणि आधार केंद्रावर चार खेपा घातल्या तर ती सुटते. मात्र रुग्ण अतिदक्षता विभागात असताना त्या चार खेपा कुणाला घालता येत नाहीत.

याहून अवघड गाठ आहे ती मुलूख सोडून आलेल्यांची. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, तेलंगणातून आलेला माणूस लूमवर बारा तासांची पाळी करतो, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतो आणि पाळी संपल्यावर दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या जागेवर आडवा होतो. त्याची शिधापत्रिका गावी असते, कारण बायकामुले गावी असतात. महाराष्ट्राची योजना त्याला महाराष्ट्राचा कागद मागते. पंधरा वर्षे इथे राहिल्याचे पुरावे असतील तर अधिवास प्रमाणपत्र निघू शकते, पण खोली बदलत राहणाऱ्या माणसाकडे भाडेकरार कुठून असणार? त्याच्या कामाला येते ते आयुष्मान कार्ड. ते देशभर चालते. आझमगढ जिल्ह्यात निघालेल्या कार्डावर ठाणे जिल्ह्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात उपचार मिळू शकतात. कार्ड गावी पेटीत राहिले असले तरी आधार क्रमांकावरून नाव शोधता येते.

अडचण अशी की त्याचे नाव यादीत आहे की नाही, हेच त्याला माहीत नसते. मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून बनली. शहरांसाठी त्यात घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, वाहतूक कामगार असे अकरा व्यवसायगट होते. यंत्रमाग कामगार असा वेगळा उल्लेख त्यात नव्हता. देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक असलेल्या या शहराच्या दृष्टीने ही मोठी उणीव होती. गावच्या यादीत मात्र कच्चे घर, भूमिहीन कुटुंब अशा निकषांवर त्याच्या घरच्यांचे नाव लागलेले असू शकते आणि पुढे काही राज्यांनी शिधापत्रिकांच्या आधारे नावे वाढवली. म्हणून तपासणे हाच मार्ग आहे, आणि तपासायची जागा बिस्सी हीच. तिथे रोज ठरलेल्या वेळी तेच लोक येतात. महापालिकेच्या आरोग्य विभागाने जेवणाच्या वेळी एक माणूस आणि एक टॅब्लेट तिथे बसवला, तर शांतीनगर, गायबीनगर, नवी वस्ती भागातल्या शेकडो कामगारांची यादीतली स्थिती काही दिवसांत कळेल. यासाठी नव्या निधीची गरज नाही, इच्छा हवी.

आता त्या हक्काविषयी, जो आमच्या मते या शहरात सर्वाधिक बुडवला जातो. कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत या योजनेची सुरुवात झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येक कामगाराला हा विमा लागू होतो, मग वेतन मीटरवर मिळो की महिन्यावर. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. १५,००० रुपये वेतन असेल तर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला ६०० रुपये. एवढ्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे उपचार मिळतात आणि त्यावर पाच लाखांसारखी मर्यादा नाही.

या विम्याचे खरे मोल उपचारांपेक्षाही मजुरीत आहे. जन आरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भरते, पण घरी चूल कशी पेटणार याच्याशी तिचा संबंध नाही. लूमवर खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. विमाधारक कामगाराला, ठरलेले हप्ते भरलेले असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या अटी पूर्ण असतील तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंतही मिळू शकते. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत, दाटीवाटीच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला क्षय झाला, तर त्याला औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये खात्यात येतात. पण सहा महिने लूमपासून दूर राहायचे तर हजार रुपयांत घर चालत नाही. म्हणून थोडे बरे वाटले की तो पाळीवर परततो, औषध अर्धवट सुटते आणि आजार शेजारच्या चटईवरच्या माणसापर्यंत जातो. विम्याचे ८० टक्के वेतन हा इथे क्षयरोगावरच्या उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

तरीही लूमवरच्या फार थोड्या कामगारांकडे विम्याचा क्रमांक आहे. एकाच छपराखालचे लूम घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे आणि प्रत्येक नावाखाली दहापेक्षा कमी माणसे ठेवायची, ही जुनी रीत. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही, हिशेब मुकादमाच्या वहीत. याउलट मानकोली, वळ, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत ठेकेदार पगारातून ईएसआयचे पैसे कापतो, पण पोरांना आपला क्रमांक माहीत नसतो, ई-पहचान पत्र काढलेले नसते आणि आईवडिलांची नावे त्यात भरलेली नसतात. ज्यांच्या पगारातून कपात होते त्यांनी आजच्या आज क्रमांक मागून घ्यावा. मालकाचा वाटा कामगाराच्या मजुरीतून कापणे बेकायदा आहे. आणि मालकाने हप्ता थकवला म्हणून हक्क आपोआप बुडत नाही. हा विमा चालवणारे महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

लहान मागवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे. सुताचे भाव आज एक, उद्या एक. विजेचे बिल थांबत नाही, आणि व्यापारी कापड विणून घेतो ते मीटरमागे ठरलेल्या मजुरीवर. चार-सहा लूमचा मालक कित्येकदा स्वतःच पाळी करतो. त्याला महामंडळाच्या निरीक्षकाची भीती वाटते, यात नवल नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही मालक आणि कामगारांच्या संमतीने या विम्यात येण्याची वाट उघडली आहे. दहाचा आकडा चुकवण्याची ओढाताण करण्यापेक्षा मालक संघटनांनी कंपाऊंडनिहाय एकत्र नोंदणी करावी आणि सव्वातीन टक्के कापडाच्या मजुरीत धरून व्यापाऱ्याकडे मागावेत. ज्याच्यासाठी कापड विणले जाते त्याने विणणाऱ्याच्या आजारपणाचा वाटा उचलणे न्यायाचे आहे. कामगार विम्याची रुग्णालये जवळ नाहीत, ठाणे, उल्हासनगर नाहीतर मुलुंड गाठावे लागते आणि तिथल्या सेवेविषयी तक्रारी आहेत, हे खरे. पण नोंदलेले कामगारच थोडे असतील तर भिवंडीत अधिक सोय करा, असे महामंडळाला कोणत्या बळावर सांगणार?

वृद्धांसाठी अलीकडे एक दार नव्याने उघडले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यासाठी आधार पुरते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी वर्षाला आणखी पाच लाखांचे वेगळे संरक्षण असते. घरात असे दोघे असतील तर ते दोघांत मिळून. खासगी विमा किंवा ईएसआय असलेल्या वृद्धांनाही हे कार्ड घेता येते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते, आणि ती निवड विचारपूर्वक करावी, कारण त्या योजनांत बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही येतात. भिवंडीतली अडचण वयाची आहे. कित्येक जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी लिहिलेली असते आणि वर्षही दोन-चारने चुकलेले असते. आधारवर ६८ असलेला माणूस प्रत्यक्षात ७२ चा असला तरी कार्ड निघत नाही. शाळेचा दाखला किंवा दुसरा पुरावा असेल तर दुरुस्ती आताच करून घ्यावी. कार्ड आयुष्मान ॲपवर किंवा सेवा केंद्रात निघते. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. ईएसआयमधून निवृत्त झालेल्यांसाठी आणखी एक सवलत आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात.

या सगळ्या कार्डांची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. जन आरोग्य योजना आणि आयुष्मान या मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, लूमच्या आवाजाने ऐकू कमी येणे, हा खर्च त्यात येत नाही, आणि गरिबाचे घर याच खर्चाने हळूहळू पोखरते. त्यासाठी सरकारी दवाखान्याकडेच वळावे लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत आणि आयजीएम त्यातच येते. तिथे औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी मिळाली तर ती जपून ठेवून तक्रार करावी. ई-श्रम कार्ड म्हणजे उपचारांचे कार्ड, हा समजही दूर व्हायला हवा. त्याने असंघटित कामगार म्हणून नोंद होते, रुग्णालयाचे बिल भरले जात नाही.

योजनांत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. ठाणे-मुंबईतल्या कित्येक मोठ्या रुग्णालयांना हे बंधन लागू आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा वैद्यकीय मदत कक्ष १ मे २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही आहे. त्याचा अर्ज उपचारांच्या आधी किंवा ते चालू असतानाच करायचा असतो. दोन्ही ठिकाणी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला दिवस जातात, म्हणून दरवर्षी काढून ठेवणे शहाणपणाचे.

खासगी विमा परवडणाऱ्यांनी दोन बदल ध्यानात घ्यावेत. २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्यांनाही नवी पॉलिसी घेता येते आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. पण अर्ज भरताना मधुमेह लपवला तर पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका असतो, आणि एजंट हे नेहमी सांगेलच असे नाही.

योजनांचा असा गुंता फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही योजना आहे. तीही सोपी नाही. ए, बी, सी, डी अशा भागांतून निवड करावी लागते, मुदती पाळाव्या लागतात, आणि कमी उत्पन्नाच्या वृद्धांना हप्त्यासाठी राज्याची वेगळी मदत मागावी लागते. हा गुंता लोकांना एकट्याने सुटणार नाही, हे तिथल्या सरकारने मान्य केले. १९९० च्या कायद्याने प्रत्येक राज्यात मोफत सल्ला देणारी यंत्रणा उभी राहिली. तिचे सल्लागार विमा कंपनीचे नसतात, त्यांतले पुष्कळजण प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेत अनुकरण करू नये असे बरेच आहे, पण हा एक भाग उचलण्याजोगा आहे.

आपल्याकडे आरोग्यमित्र रुग्णालयात भेटतो, म्हणजे माणूस आजारी पडल्यावर. भिवंडीला असा माणूस आजारपणाच्या आधी हवा आहे. महापालिकेने आयजीएमच्या आवारात आणि प्रत्येक प्रभाग समिती कार्यालयात मराठी, हिंदी-उर्दू आणि तेलुगू बोलणारा एक सल्लागार बसवावा. कुटुंबाचे कागद पाहून कोणते दार त्यांना उघडे आहे, कोणती दुरुस्ती राहिली आहे, हे त्याने लिहून द्यावे. हे होईपर्यंत मात्र वाट पाहू नका. घरात सत्तरीपुढचे कुणी असेल तर या आठवड्यात त्यांचे आधार काढून जन्मवर्ष बघा. शिधापत्रिकेवर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का ते तपासा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर विमा क्रमांक मागून घ्या, आणि कापला जात नसेल तर का नाही, हे शेठला चारचौघांनी मिळून विचारा.